मोठ्या ब्रशाचे राजेशम अण्णा

१२ ऑक्टोबर, रविवार. दिवाळी तोंडावर आली होती आणि इमारतीची पाण्याची टाकी धुवायची होती.

जुळे सोलापुरातली आमची इमारत चार मजल्यांची. नळाला पाणी रोज सुटत नाही, त्यामुळे टाकी रिकामी असणं आणि माणसं रिकामी असणं हे दोन योग एकाच दिवशी जुळवावे लागतात. मी सोसायटीची सेक्रेटरी. सकाळी सातला गच्चीवर गेले, झाकण उघडलं, आत वाकून मोबाइलवर फोटो काढला. तळाला बोटभर गाळ, कडेला शेवाळ आणि मध्यभागी एक मेलेलं झुरळ. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हे आपण पितो. आठ वाजता प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक खराटा वर यावा.'

दहा मिनिटांत त्या फोटोचं तैलचित्र होऊन ग्रुपवर आलं. गाळाचं सोनेरी तळं झालं होतं. शेवाळाची कुरणं झाली होती. झाकणातून आत पडलेलं ऊन म्हणजे मावळता सूर्य, आणि झुरळाची होडी झाली होती. होडीला वल्हीसुद्धा होती.

'वा! कुठलं हो हे?' एकीनं विचारलं. 'महाबळेश्वरचं तळं वाटतंय,' दुसऱ्यानं सांगितलं. तिसऱ्यानं हात जोडले. त्या वल्हवणाऱ्या झुरळाखाली माझी सूचना कुठल्या कुठे गेली आणि आठ वाजता गच्चीवर मी एकटी, माझ्या खराट्यासह.

पावणेनऊला चित्रकार स्वतः आले. हातात खराटा नव्हता, मोबाइल होता.

'ताई, जरा बाजूला व्हता का? गाळ उकरायच्या आधी अजून एक घेतो. रंग लई भारी आलाय.'

हे आमचे राजेशम अण्णा. आणि ह्याच माणसाकडून मला त्या दिवशी संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीची किल्ली काढून घ्यायची होती. सोसायटीचा तसा ठराव झाला होता. खोली गेली की त्यांचा कॉम्प्युटर गेला, आणि कॉम्प्युटर गेला की अण्णांचं काय उरतं, हा विचार करायला ठरावात जागा नव्हती.

अण्णा एका चादरीच्या गिरणीत डिझाइन खात्यात होते. चादरीवर मोर विणायचा तर आधी चौकटीच्या कागदावर तो मोर एकेक चौकोन रंगवून उतरवावा लागतो, ते त्यांचं काम. चित्रात कितीही रंग असोत, चादरीला तीन मिळणार. गिरणी बंद पडली. अण्णांच्या डोक्यातले चौकोन मात्र चालूच राहिले. पुढे पुण्याच्या मुलानं त्याचा जुना कॉम्प्युटर आणि एक भलामोठा स्क्रीन आणून दिला, आणि फोटोचं चित्र करणारे कुठलेकुठले प्रोग्राम त्यात घालून दिले. बापाचा वेळ जाईल एवढाच त्याचा हेतू. वेळ आमचा जाऊ लागला.

अण्णांना फोटो आवडत नाही. कुठलाच. लग्नाचा अल्बम पुढे केला तरी दोन पानं उलटून ते म्हणणार, 'हा कच्चा माल हाय, ताई. रंगवायचा राहिलाय.' नातवाचा फोटो कच्चा माल. विजेच्या मीटरचा फोटो कच्चा माल. तक्रारीसाठी मी काढलेला फुटक्या पाइपचा फोटोही कच्चा माल. त्याचा त्यांनी धबधबा केला.

समोरून माणूस आला की अण्णा मान मागे टाकतात आणि डोळे बारीक करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर येतेय. तो पाणी घेऊन धावला. मग अण्णांनी त्याला जिन्यातच उभं करून शिकवणी दिली. 'डोळं बारीक केलं की फालतू गोष्टी गळून पडतात बघा. तुमच्या शर्टाची बटनं गेली. खिसा गेला. राहिलं काय? एक निळा ठोकळा आणि वर काळं टोपलं. तेच तुमी.'

काळं टोपलं म्हणजे त्या बिचाऱ्याचे केस. त्यानं दुसऱ्या दिवशी कापून टाकले.

कॉम्प्युटर हे कसं करतो, हे मी एकदा विचारण्याची चूक केली. शाळेचे गणवेश शिवायचा माझा छोटा कारखाना आहे, तिथे दुपारी ते टेकायला आले होते. त्यांनी माझा खडू घेतला आणि माझ्याच कापडाच्या ताग्यावर समजावायला लागले.

'आधी फोटो धूसर करायचा. आमी डोळं बारीक करतो तसा. मग तो मोठा ब्रश घेतो आणि ढोबळ रंग थापून मोकळा होतो. मग मूळ फोटोशी ताडून बघतो, कुठं लई फरक पडलाय का. जिथं पडलाय, फकस्त तिथं जरा लहान ब्रश. परत ताडायचं, परत लहान. डोळा, नाक, मिशा असल्या ठिकाणी शेवटचा बारीक ब्रश. आभाळाला कशाला पायजे बारीक ब्रश? सगळीकडं सारखं बारीक काम करतो तो कारकून ओ, कारागीर न्हाय.'

'पण फटकारा कुठल्या दिशेनं मारायचा, हे त्याला कसं कळतं?'

'उजेड कुठनं कुठं उतरतोय ते मोजतो आणि त्याला आडवा फिरतो. म्हणून केसांवरनं केसांसारखा जातो आणि पदरावरनं पदरासारखा. तुमी इस्त्री फिरवताव की न्हाय, चुणी बघून? तसं.'

मग त्यांनी दुसरी रीत सांगितली. ह्या रीतीत ब्रशच नाही. चित्रातला प्रत्येक ठिपका आपल्या चार बाजूंच्या चार शेजारांकडे बघतो. ज्या शेजारात सगळ्यात कमी गडबड, सगळ्यात कमी चढउतार, त्याचा रंग आपण घेतो. सगळ्या ठिपक्यांनी असं केलं की फोटोतली खरखर जाते आणि रंगाचे सपाट, शांत तुकडे पडतात, थेट ब्रशानं लावल्यासारखे.

'म्हणजे चारांतला सगळ्यात शांत शेजारी बघायचा,' मी म्हटलं.

'हां.'

'आपल्या इमारतीत चालायची नाही ही रीत.'

अण्णा गंभीरपणे म्हणाले, 'न्हायच चालत. मी करून बघितलंय, गणपतीचा ग्रुप फोटो घेऊन. सगळा चिखल झाला.'

रोज सकाळी ते आमच्यातल्याच कुणाचं तरी चित्र ग्रुपवर टाकत आणि खाली एकच शब्द लिहीत, 'ओळखा.' कधी चेहरा स्पष्ट असे, कधी नुसते डाग. मग सगळ्यांनी अंदाज बांधायचे. 'कांबळे काका?' 'नाही, वॉचमन.' 'नाही हो, ती गॅसची टाकी आहे.' हळूहळू इमारतीत एक सिद्धान्त तयार झाला. अण्णांना जो माणूस आवडतो त्याला लहान ब्रश, नावडत्याला मोठा. एका बाईला तिचा चेहरा शेणानं सारवल्यासारखा दिसला, तर तिनं अण्णांकडे महिनाभर कढीपत्ता मागितला नाही. माझं चित्र ग्रुपवर कधी आलंच नव्हतं. मी विचारलंही नाही. मला कामं असतात.

कांबळे काकांना मात्र लहान ब्रश लाभला होता. त्या आनंदात त्यांनी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला तेच चित्र पासपोर्ट आकारात छापून चिकटवलं. बँकेच्या खिडकीतल्या माणसानं ते उजेडाकडे धरून बघितलं. 'काका, चित्र फार छान आहे. पण तुम्ही जिवंत आहात याला हे चालत नाही.'

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग बिराजदार साहेबांची पंचाहत्तरी आली.

बिराजदार आमचे चेअरमन. मूळचे मंद्रूपचे, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. पंचाहत्तरीला अण्णांनी त्यांना भेट दिली: कापडावर छापलेलं त्यांचं चित्र, सोनेरी चौकटीत. आप्पा एकटे, छातीपर्यंत, मागे फिकट निळं आभाळ आणि डोक्याभोवती जरासा उजेड. सगळ्यात लहान ब्रश वापरला होता. मिशांचा केस न् केस मोजून घ्यावा असा. चित्र खरंच देखणं होतं.

पण आपल्याकडे भिंतीवर एकट्या माणसाचा मोठा फोटो कधी लागतो, हे मी सांगायला नको. अण्णांना ते सुचलंच नाही. त्यांच्या लेखी तो कच्चा माल होता आणि आता पक्का झाला होता.

भिंतीवर जागा ठरेपर्यंत चित्र हॉलमध्ये दाराकडे तोंड करून खुर्चीवर ठेवलं. आप्पांच्या गळ्यातला झेंडूचा हार टोचत होता, तो त्यांनी स्वतःच्याच हातानं काढून चौकटीच्या कोपऱ्याला अडकवला आणि आत जाऊन आडवे झाले. औक्षणाचं ताट, निरांजन तेवत असलेलं, त्यांच्या सुनेनं खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवलं. स्वयंपाकघरात बायका भज्यांचा कांदा चिरत होत्या.

अशा वेळी मंद्रूपहून आप्पांचा पुतण्या दारात उभा राहिला. खुर्ची बघितली. हार बघितला. निरांजन बघितलं. त्यानं चपला काढल्या आणि उंबऱ्यातच मटकन बसला. तेवढ्यात काकू, आप्पांच्या पत्नी, पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या.

'काकू... कधी झालं हे?'

'सकाळीच की. आंघोळ झाल्या झाल्या.'

'तरास झाला का?'

'छे. हसत हसत झालं सगळं.'

पुतण्या रडत रडत जिना उतरला आणि त्यानं गावी फोन लावला. काकूंना वाटलं, पोराला वाढदिवसाचं किती कौतुक.

तीनच्या सुमाराला खाली टेम्पो थांबला. त्यातून तीसेक माणसं उतरली आणि बायकांनी फाटकापासूनच गळा काढला. 'आप्पा गाऽ, आमाला सोडून कुटं गेलाव गाऽ...' झोपमोड होऊन आप्पा बनियनवर बाल्कनीत आले. खाली वाकून म्हणाले, 'कोण गेलं ओ?'

त्यानंतरचा गोंधळ मी आवरला, म्हणून मला सगळं पाठ आहे. दोघींना पाणी मारून उठवावं लागलं. एका आत्याबाईंनी नाव घेऊन रडल्यामुळे आपल्याला आंघोळ करावीच लागणार असा हट्ट धरला, मग बाकीच्यांनाही ते पटलं. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. तीस माणसांनी आमची टाकी कोरडी केली, वर भजी आणि केक खाल्ला, आणि 'बरं झालं, ह्या निमित्तानं भेट झाली' म्हणून परत गेली.

आप्पा मात्र धास्तावले. दाखवायचे राग, पण ती धास्ती होती. रोज सकाळी स्वतःची नाडी बघायला लागले. चित्र कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अण्णा माफी मागायला गेले, तर तिथेही, 'चुकलंच माझं. मोठा ब्रश घ्यायला पायजे होता, म्हणजे तुमी वळखूच आला नसताव,' असं म्हणून आणखी बिघडवून आले.

मग सभा झाली. जिन्याखालची खोली सोसायटीची. अण्णांना ती तोंडी, फुकट दिलेली. आप्पा म्हणाले, 'काढून घ्या. कुलूप लावा. ह्या माणसाच्या हातात यंत्र ठेवू नका री.' कुणी विरोध केला नाही. मीही नाही. खराटे, शिडी, पाइप ठेवायला मला जागा हवीच होती. अण्णा सभेत एकदाच बोलले, 'जरा दमानं घ्या की. दिवाळी होऊ द्या.' आप्पा म्हणाले, 'रविवारी.' अण्णांना चेष्टा सुचली नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

'घरी न्या की कॉम्प्युटर,' कुणीतरी म्हणालं. 'आणि लक्ष्मीअक्कांनाही बरं. दुपारभर दोघं त्या अंधाऱ्या खोलीत काय सिनेमा बघतात कोण जाणे.'

लक्ष्मीअक्का म्हणजे अण्णांची बायको. पूर्वी खालच्या बाकावर बसून सगळ्या इमारतीची हजेरी घ्यायच्या. दीड-दोन वर्षांपासून बाकावर येईनाशा झाल्या होत्या आणि जिन्यात भेटल्या तर सरळ तोंड फिरवायच्या. आपण 'काय अक्का' म्हणावं आणि त्यांनी भिंतीकडे बघावं. बायकांचं मत पडलं होतं की मुलगा पुण्यात फ्लॅट घेतोय, त्याचा हा ताठा. मला वाटायचं, असेल. ताठा असलेली माणसं पाण्याच्या तक्रारी कमी करतात, म्हणून मला चालत होतं.

तर त्या रविवारी टाकी धुऊन, हिशेबानं दोनच टँकर घालून, साडेपाचला मी खाली आले. अंगावर गाळानं माखलेला जुना गाऊन, पायात रबरी चपला. आधी किल्ली घ्यावी, मग आंघोळ, असा बेत.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून अक्कांचा आवाज आला.

'ह्यो... ढेरी फुडं. डावा खांदा खाली. कांबळे.'

'बराबर,' अण्णा म्हणाले.

'ही काळी काडी. वर पांढरं. दूधवाली म्हातारी.'

'न्हाय. नीट बघ. काडी वाकलीय का?'

'न्हाय वाकली. मग वॉचमन, टोपी घातलेला.'

'बराबर.'

'आणि ही पिवळी. लाल काठ. दोनी हात कमरेवर.' अक्का हसल्या. त्यांचं ते हसू मी विसरलेच होते. 'सेक्रेटरी आली बघा. आता पाण्याचं कायतरी बोलणार.'

मी दार ढकललं. पिवळी साडी सोडली तर मी तशीच उभी होते. समोर भिंतीएवढ्या स्क्रीनवरही मी होते: पिवळा ढीग, त्याला लाल पट्टी, दोन बाजूंना दोन कोपरे, आणि तोंडाच्या जागी एकच गव्हाळ फटकारा. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला नेसलेली साडी, तेवढी मला ओळखता आली.

'अण्णा, माझं तोंड कुठंय?'

दोघंही दचकले. अक्कांनी माझा आवाज ऐकला आणि नेहमीप्रमाणे मान भिंतीकडे फिरवली.

'तोंड हिला दिसत न्हाय, ताई,' अण्णा म्हणाले. 'मग काढून काय करू?'

मग अण्णांनीच नीट सांगितलं. अक्कांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. समोर बघितलं की ज्याच्याकडे बघावं तोच पुसला जातो. कडेचं तेवढं दिसतं. म्हणून माणसाकडे बघायचं तर त्यांना मान दुसरीकडे वळवावी लागते. भिंतीकडे तोंड करून त्या आता माझ्याकडेच बघत होत्या. दोन वर्षं त्या आमच्याकडेच बघत होत्या.

'फोटो दाखवला तर हिला नुसती खरखर,' अण्णा म्हणाले. 'बारीकसारीक लई असतं त्यात. मोठ्या ब्रशानं बारीक सगळं जातंय, मग ठोकळा राहतो, रंग राहतो, उभं राहायची ढब राहते. तेवढं कडेनं धरता येतंय तिला. आधी ग्रुपवर टाकतो. तुमी लोकांनी वळखलं की समजायचं, वळख राहिलीय, अजून मोठा ब्रश चालेल. तुमी चुकलाव की एक पायरी खाली. तुमचं तेवढं टाकायला लागलं न्हाय, तुमची ढब कुणीबी वळखील.'

म्हणजे 'ओळखा' म्हणून आम्ही रोज सकाळी जी मजा करत होतो, तो अण्णांचा कच्चा माल होता.

'मग सांगायचं की अक्का आम्हाला!'

'सांगू नकोस कुणाला,' अक्का भिंतीला म्हणाल्या. 'सांगितलं की येतात, तोंडाला तोंड लावून वरडतात, मी अमकी, मी तमकी. डोळं गेल्यात, कान न्हाय गेले. मला माझं मी वळखायचंय. मग येते बाकावर.'

'आणि आप्पांना तेवढा लहान ब्रश कशाला?'

उत्तर अक्कांनी दिलं. 'एकदा दारात आले. मी म्हणलं दूधवाला. पातेलं हातात दिलं, म्हणलं अर्धा लिटर. त्यांनी पातेलं घेतलं, खाली गेले, दूध आणून दिलं. कायबी बोलले न्हाईत. गेल्यावर ह्यांनी सांगितलं मला, ते बिराजदार होते म्हणून. मीच म्हणलं ह्यांना, त्या माणसाचं चांगलं काढून द्या. मला न्हाय दिसलं तरी चालेल.'

अण्णा उठले आणि खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

'स्क्रीन उद्या वर नेतो. वर चारी बाजूंनी ऊन, काच चमकती, हिला काय दिसत न्हाय. खिडक्यांना चादरी बांधून बघितल्या उन्हाळ्यात, तर ही गुदमरली. बघू. करू कायतरी.'

मी किल्ली घेतली. ठराव होता. वर जाऊन आंघोळ केली.

सोमवारी सकाळी कपाट उघडून मी पंधरा ऑगस्टची पिवळी साडी काढली, इस्त्री केली आणि नेसले. मग आप्पांच्या दाराची बेल वाजवली. ते नाडी धरूनच दार उघडायला आले.

'कुणाचं लग्न, सेक्रेटरीबाई?'

'कुणाचं नाही. आप्पा, पूर्वी कावळा डोक्याला शिवला की काय करायचे, आठवतंय?'

'आठवतंय की. नातेवाइकांकडं मेल्याचा खोटा निरोप धाडायचे. ते रडले की अरिष्ट टळलं.'

'चार माणसं रडली तरी टळायचं ना?'

'दोन रडली तरी.'

'तुमच्यासाठी टेम्पोभर रडली. नाव घेऊन. वर आंघोळी करून गेली.'

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण आप्पांचा आहे, आणि नाडी त्यांची होती. त्यांनी मनगट सोडलं. मग आत गेले, कपाटामागचं चित्र काढलं, फडक्यानं पुसलं आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवलं.

'खोलीचं काय करायचं?' मी विचारलं. 'किल्ली माझ्याकडे आहे. शिडी नि खराटे मी माझ्या बाल्कनीत ठेवीन.'

'तिथं दुपारी अक्का बसतात म्हणे.'

'बसतात.'

'पंखा हाय का तिथं?'

'नाही.'

ते आत वळले आणि स्वतःच्या पलंगाजवळचा टेबलफॅन उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. 'माझं नाव सांगू नका री,' म्हणाले आणि दार लावून घेतलं.

एका हातात पंखा, एका हातात किल्ली घेऊन मी खाली आले. अण्णा आणि अक्का जिना उतरून खोलीकडेच निघाले होते. अण्णांच्या हातात वायरी गुंडाळायला सुतळी होती. मी फाटकाजवळ उन्हात गेले, पंखा आणि किल्ली खाली ठेवली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि उभी राहिले. बोलले नाही. अण्णा काही सांगायला तोंड उघडणार होते, त्यांना मी मानेनंच नको म्हटलं.

अक्का थांबल्या. हळूहळू त्यांनी मान पलीकडे फिरवली, पार भिंतीकडे.

'सुरेखा,' त्या म्हणाल्या, 'एवढी नटून कुठं निघालीस गं?'

'कुठं नाही अक्का,' मी म्हटलं. 'कामावर.'